मसाई माराचं लक्झरी लॉज पॅकेज: आधी गाडी बघा, खोली नंतर

सोलापुरात सध्या केनियाचं जे पॅकेज विकलं जातं त्याचा साचा ठरलेला आहे. नैरोबीत एक रात्र, मसाई मारात तीन, तिन्ही वेळचं जेवण, रोज दोन गेम ड्राइव्ह, म्हणजे गाडीतून जनावरं बघायच्या फेऱ्या. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर नदीकाठचा तंबू आणि त्यातला बाथटब. तंबू म्हणायचा एवढंच. पक्की फरशी, मोठा पलंग, गरम पाणी आणि रात्री पांघरुणात गरम पाण्याची पिशवी. बऱ्याच कॅम्पना कुंपण नसतं, त्यामुळे अंधार पडल्यावर खोलीपर्यंत सोडायला रखवालदार येतो आणि पाणघोड्यांचे हुंकार रात्रभर ऐकू येतात. राहण्याच्या बाबतीत नाव ठेवायला फारशी जागा नाही. पैसे वसूल होणार की नाही हे गाडी, गाईड आणि लॉजची नेमकी जागा यांवर ठरतं. पत्रकात मात्र या तिन्ही गोष्टी एका ओळीत उरकलेल्या असतात.

जागेचं आधी बोलू. मसाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचं. सेकेनानी आणि तलेक गेटच्या बाहेर लॉजची दाटी आहे आणि तिथलं पॅकेज स्वस्त पडतं. पण रोज गेटवरची रांग आणि रोजची प्रवेश फी आलीच. ही फी २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे, तीही फक्त १२ तासांची. आत राहणाऱ्यांनी शेवटच्या दिवशी सकाळी १० च्या आत बाहेर पडायचं, नाहीतर आणखी एका दिवसाची फी लागते. 'पार्क फी वगळून' असं बारीक अक्षरात छापलेलं असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये तीन दिवसांचे माणशी ६०० डॉलर वेगळे धरा. स्वस्ताई तिथेच संपते.

त्याहून चांगला पर्याय म्हणजे शेजारच्या खासगी कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे खासगी वन्यजीव क्षेत्रं: मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी, नाबोइशो. या जमिनी मसाई कुटुंबांकडून भाड्याने घेतलेल्या असतात आणि तिथे राहणाऱ्यांच्याच गाड्या आत सोडतात. रात्रीची सफारी आणि बंदूकधारी गाईडसोबत पायी फेरी इथे चालते. राखीव क्षेत्रात दोन्हींना मनाई. दर जास्त आहे, पण चित्त्याभोवती वीस गाड्यांचा गराडा पडलेला बघायचा नसेल तर खोलीचा दर्जा एक पायरी उतरवा आणि कॉन्झर्व्हन्सी घ्या.

आता गाडी. मिनीबस सरळ नाकारा, लँड क्रूझरच मागा. 'प्रत्येकाला खिडकी' हे आश्वासन पुरेसं नाही. सहा आसनांच्या गाडीत चारच माणसं बसवणार, असं लिहून घ्या. वर उचलायच्या छताच्या गाडीत उभं राहिलं की छताचे दांडे नेमके कॅमेऱ्यासमोर येतात आणि सहा जण एकाच बाजूला झुकले की कुणालाच धड दिसत नाही. ४०० मिलिमीटरच्या लेन्सने फोटो काढायचा तर इंजिन बंद हवं. चालू इंजिनाच्या थरथरीत सिंहाच्या मिशा पुसट येतात. ट्रायपॉड कामाचा नाही. लेन्स टेकवायला कापडी पिशवी घरून रिकामी न्यायची आणि कॅम्पच्या स्वयंपाकघरातून तांदूळ किंवा घेवडा भरून घ्यायचा. धुळीत लेन्स बदलू नये. दुर्बीण ८x४२ ची, प्रत्येकाची वेगळी. दोघांत एक म्हणजे ऐनवेळी भांडण.

वेळापत्रकात सगळ्यात मोठी फसगत नाश्त्याची. विषुववृत्त जवळ असल्यामुळे वर्षभर सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, आणि वाघ-मांजराच्या कुळातली जनावरं ऊन कासराभर वर येईपर्यंतच हलतात. सात वाजता लॉजवर बुफे आणि साडेआठला गाडी, असा कार्यक्रम असेल तर झाडाखाली झोपलेले सिंह मोजायचे. सहाला निघायचं, नाश्ता डब्यात बांधून घ्यायचा. चांगला कॅम्प हे न सांगता करतो.

गाईडच्या बाबतीत सोलापूरकरांचा एक फायदा आहे. नान्नजचं माळरान आणि तिथले काळवीट, लांडगे पाहिलेल्या माणसाला गवताळ रानाची सवय असते. नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं ते माळढोकासाठी, आणि आज तोच दिसणं दुर्मीळ. त्याचा आफ्रिकी भाऊबंद, कोरी बस्टर्ड, मारात रस्त्याकडेला निवांत चालताना भेटतो. नराचं वजन १८ किलोपर्यंत. मान फुगवून शेपूट पाठीवर उलटी टाकली की गवतात पांढरा गोळा उठून दिसतो. पण सांगितल्याशिवाय ड्रायव्हर थांबत नाही. त्याचं लक्ष वायरलेसवर, कुठे सिंह निघाला याकडे. पहिल्याच संध्याकाळी त्याला स्पष्ट सांगा की पक्ष्यांसाठीही थांबायचं आणि 'बिग फाइव्ह'ची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा) यादी पुरी करायची घाई नाही. लांब पायांचा शिकारी पक्षी सेक्रेटरी बर्ड, वारुळावर पहाऱ्याला उभा राहणारा टोपी नावाचा कुरंग, आपल्या नीलकंठाचा जांभळ्या छातीचा नातलग, हे सगळं फुकटात मिळतं. एका जनावराजवळ पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, असा नियम आहे. तो मोडायला ड्रायव्हरला आपणच भाग पाडतो, हेही खरं.

विल्डबीस्टचं, म्हणजे कळपाने फिरणाऱ्या मोठ्या कुरंगांचं, नदी ओलांडणं (क्रॉसिंग) साधारण जुलै ते ऑक्टोबर. लाखो जनावरं असली तरी ती कधी उतरतील हे कुणी सांगू शकत नाही. काठावर चार-पाच तास बसून कळप मागे वळला, असं सर्रास होतं. 'क्रॉसिंगची हमी' देणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं.

आफ्रिका म्हणजे उकाडा, हा समज सोलापूरच्या उन्हाळ्यातून येतो. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे. जुलैत पहाटे १०-१२ अंश आणि गाडी उघडी. स्वेटर, कानटोपी हवीच. चादर नेऊ नका, गाडीत लाल शुका, म्हणजे मसाई लोकांचं पांघरूण, ठेवलेली असते. निळे-काळे कपडे टाळा, त्सेत्से माशी त्याच रंगांवर येते. जमीन आपल्यासारखीच काळी, चिकट. एप्रिल-मेच्या पावसात गाडी रुतली की तासभर गेला, म्हणून त्या महिन्यांचे दर पडलेले असतात.

जेवणाची काळजी नको. केनियात गुजराती वस्ती जुनी असल्यामुळे शाकाहार स्वयंपाक्यांना माहीत असतो आणि चपाती तिथेही रोजची आहे. भाजी मात्र सपक. शेंगा चटणी न्यावी, पण स्टीलच्या डब्यात. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे बॅगेतल्या कॅरीबॅग घरीच काढा.

सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी मुंबईत पोचवते. विमान पहाटेचं असेल तर एक रात्र आधीची गाडी धरा. ईटीए, म्हणजे केनियात प्रवेशाचा परवाना, ऑनलाइन काढायचा. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, निघण्याच्या किमान १० दिवस आधी. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. साठीच्या पुढच्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा. नैरोबीहून मारा रस्त्याने पाच-सहा तास, विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने पाऊण तास. या विमानात हातातल्या पिशवीसह १५ किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. चाकाची कडक सूटकेस तिथेच अडते. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा.

वरखर्च: गाईडला माणशी रोज १० डॉलरच्या आसपास बक्षिसी, कॅम्पच्या नोकरांसाठी वेगळी पेटी. नोटा नव्या छापाच्या न्या, जुन्या किंवा फाटक्या घेत नाहीत. पॅकेजच्या बिलावर टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केलेला प्राप्तिकर, लावला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, म्हणून पावती पॅन क्रमांकासह मागून ठेवा. कंबरेचा त्रास असणाऱ्याने मागच्या चाकांवरचं आसन घेऊ नये, सगळे गचके तिथेच बसतात. ड्रायव्हरच्या मागची रांग बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा.