तुर्भ्याचा ब्रेकवाला मिस्त्री: हवा काढायच्या आधी हवा शिरली कुठून ते शोधतो

माझी टाटा ४०७, २०११ची. वाशी मार्केटमधून कांदा-बटाटा भरतो आणि ठाणे-बेलापूर रोडने घोडबंदर करून मीरा रोडला टाकतो, रोजची लाईन. गेल्या महिन्यात पेडल स्पंजसारखं झालं, पहिल्या दाबात खाली जायचं, दोन-तीन पंप मारले की मगच ब्रेक लागायचा. एका गॅरेजला (नाव नको) दाखवली तर त्यांनी अर्ध्या तासात फक्त पुढच्या दोन चाकांच्या ब्रेक लाईनमधली एअर (हवा) काढली, वरून ऑइल ओतलं, पैसे घेतले आणि झालं म्हणाले. दुसऱ्या दिवशी गायमुखचा चढ संपून उतार लागला आणि मागे दोन टन माल असताना पेडल पार तळाला गेलं. थर्डमध्ये होती म्हणून इंजिनवर धरली आणि हँडब्रेक ओढत बाजूला घेतली. समोर शाळेची बस होती, ते अजून डोळ्यासमोर येतं.

मग एका ड्रायव्हर मित्राने तुर्भ्याचा हा मिस्त्री सांगितला. एपीएमसीपासून जवळच आहे, पत्र्याची शेड, एक मिस्त्री आणि एक पोरगा. गाडी लावल्यावर त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी इंजिन बंद ठेवून मला चार-पाच वेळा पेडल मारायला लावलं, पाय दाबून धरायला सांगितला आणि तसंच स्टार्टर मारायला लावलं. इंजिन चालू झाल्यावर पेडल थोडं खाली बसलं तेव्हा म्हणाले बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) ठीक आहे, आता ऑइल कुठून जातंय ते बघू. लाईन बंद असते, हवा आपोआप आत येत नाही दादा, एक तर वरची ब्रेक ऑइलची डबी रिकामी होते नाहीतर कुठेतरी सील गेलेलं असतं. मागचा डावा ड्रम उतरवला तर व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने चाकातला ब्रेक ढकलणारा भाग) रबर ओलं, आतून ऑइल पाझरून लायनरच्या (ड्रमला घासणारा पट्टा) कडेला काळा चिकटा जमलेला. सिलिंडरला आतून खड्डे पडले होते म्हणून नुसतं रबराचं किट न टाकता सिलिंडर नवाच बसवला आणि लायनर साफ करून चालतील का तेही तपासलं. आधीच्या माणसाने मागे बघितलंच नव्हतं.

मागचा निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, गंजून जाम होता. ओपन पाना लावून कडा झिजवल्या नाहीत, गंज सोडवायचं ऑइल मारून अर्धा तास ठेवला, हातोडीने हलके टकटक केलं आणि रिंग पान्याने सोडवला. मग पारदर्शक नळी निपलला, दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. पेडलवर मी. ते खालून ओरडणार "दाब... दाब... धर!", निपल सोडणार, पेडल खाली जाणार, निपल बंद झाला की मगच "सोड". निपल उघडा असताना पाय सोडला तर हवा परत आत ओढली जाते. सुरुवातीला नळीत सोड्यासारखे बुडबुडे, मग काळा चहा, आणि खूप वेळाने फिक्कट पिवळं. डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं, म्हणजे मास्टर सिलिंडरपासून (पेडलजवळचा, सगळ्या चाकांना ऑइल ढकलणारा) लांबचं चाक आधी. पाच-सहा दाबांनंतर पोरगा डबी भरायचा, ती खाली जाऊच दिली नाही. बाटलीत जमलेलं ऑइल परत ओतलं नाही, दोन्ही अर्धा लिटरचे डबे सीलबंद आणून माझ्यासमोर फोडले. ऑइलचा ग्रेड डॉट ३ की डॉट ४ ते डबीच्या झाकणावर बघूनच घेतलं. ब्रेक ऑइल ओलावा ओढतं, ओलावा आत शिरला की उकळायचा पॉइंट खाली येतो आणि लांब उतारावर ड्रम तापले की लाईनमध्ये वाफ होऊन पेडल बसतं, हे मला पहिल्यांदाच कोणीतरी नीट सांगितलं. कॅबिनच्या रंगावर दोन थेंब पडले तर लगेच पाण्याने धुतले, नाहीतर रंग जातो.

चार तास गेले, बिल ₹२,१५०, सिलिंडर आणि ऑइल धरून. हे मला जास्त वाटलं नाही. बसायला जागा नाही, दुपारी पत्रा तापतो, कार्ड चालत नाही (यूपीआय चालतं) आणि पक्कं बिल मागितलं तर कागदावर लिहून देतात, कंपनीला दाखवायचं असेल तर अडचण होईल. सकाळी नऊनंतर गेलात तर नंबर दुपारीच लागतो. एअर ब्रेकची मोठी गाडी घेऊन एक जण आला होता, त्याला एअर काढायची नव्हतीच, तिथे हवाच काम करते, त्याच्या हवेच्या टाकीत जमलेलं पाणी काढून पाठवला, पैसे घेतले नाहीत.

आता पेडल अर्ध्यावर घट्ट थांबतं, पहिल्याच दाबात. आठवड्याने ड्रम ओला होतोय का बघायला बोलावलं होतं, गेलो, डावं चाक उघडून बोट फिरवून बघितलं, कोरडं होतं. चहा पाजला आणि पाठवलं.