ऑर्लंडोची तिकिटं: डिस्ने, युनिव्हर्सल की दोन्ही थोडं थोडं?

फ्लोरिडातल्या ऑर्लंडोची सहल ठरवताना बहुतेक घरांत पहिलं वाक्य एकच असतं: डिस्नेची चार पार्कं आहेत, म्हणजे चार दिवसांचं तिकीट घेऊ, आणि मुलं हट्ट करतात म्हणून वर दोन दिवस युनिव्हर्सल. ऐकायला अगदी सरळ. पैशांच्या बाजूने बघितलं तर सहा दिवसांच्या जुळण्यांपैकी हीच बहुधा सगळ्यांत महागड्या जुळण्यांत मोडते. असं का, हे कळायला दोन्हीकडचे दर कसे चढतात ते बघावं लागतं.

दोन्ही कंपन्या एकच युक्ती वापरतात. पहिले काही दिवस महाग, पुढचे दिवस जवळजवळ नाममात्र. फरक इतकाच की हा उतार डिस्नेला पाचव्या दिवसापासून लागतो आणि युनिव्हर्सलच्या जुन्या दोन पार्कांना (युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर) तिसऱ्याच दिवसापासून. म्हणजे डिस्नेचा चौथा दिवस पूर्ण किमतीचा, आणि आपण नेमके तिथेच थांबतो.

हिशेबासाठी काही गोल आकडे धरू. हे तुमच्या तारखांचे दर नव्हेत, फक्त चढ कसा असतो ते दाखवण्यापुरते आहेत. डिस्नेचं माणशी तिकीट एका दिवसाला १५० डॉलर, दोन दिवसांना २९०, तीनला ४२०, चारला ५४०, पाचला ५८०, सहाला ६००. युनिव्हर्सलच्या जुन्या दोन पार्कांचं, दिवसाला एकच पार्क अशा अटीवर, एका दिवसाला १५०, दोनला २६०, तीनला २९०, चारला ३१०. आता सहा दिवस वाटून बघा. डिस्ने चार अधिक युनिव्हर्सल दोन: ८००. डिस्ने तीन अधिक युनिव्हर्सल तीन: ७१०. डिस्ने दोन अधिक युनिव्हर्सल चार: ६००. सहाही दिवस डिस्ने: तेवढेच ६००. दिवस तितकेच, पण पहिल्या आणि शेवटच्या जुळणीत माणशी दोनशे डॉलरचा फरक. चौघांच्या घरात तो आठशेवर जातो आणि वर साडेसहा टक्के विक्रीकर लागतो, कारण दोन्हीकडे दाखवलेली किंमत कर सोडून असते.

तुमच्या तारखांचे खरे दर दोन्ही संकेतस्थळांवरून उतरवून घ्या आणि प्रत्येक दिवसापुढे एकच आकडा लिहा: हा दिवस वाढवला तर एकूण रक्कम कितीने वाढते? ‘दिवसाला फक्त इतके डॉलर’ हा मोठ्या अक्षरांतला आकडा साफ विसरा. तो दिवस वाढवले की आपोआप खाली येतो आणि खिशातून जाणारी रक्कम मात्र वर जाते.

या हिशेबातून माझं मत असं बनलंय की डिस्नेला एक तर तीनच दिवस जा, नाहीतर थेट पाच. चार दिवसांचं तिकीट घ्यायचंच असेल तर सवलतीत घ्या. अलीकडच्या काही वर्षांत डिस्नेने चार दिवस, चार पार्कं, प्रत्येकी एकदाच अशा अटीवर खास तिकीट काढलेलं आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात ते दिवसाला ९९ डॉलरपासून मिळत होतं. असं तिकीट तुमच्या तारखांना लागू असेल तर वरचं सगळं गणित बदलतं आणि चार दिवस एकदम रास्त ठरतात.

तीन दिवसांत चौथं पार्क सोडायचं तर कुठलं? यावर घराघरांत भांडणं होतात. पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर मॅजिक किंगडम (१९७१ मध्ये उघडलेलं मूळ पार्क) सोडता येत नाही. मग एप्कॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम यांतून दोन निवडायची. लहान मुलांच्या घराने एप्कॉट गाळलं तरी फारसं बिघडत नाही. मोठ्यांना मात्र तिथलं वर्ल्ड शोकेस (वेगवेगळ्या देशांची दालनं) आवडतं, आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांनाही.

तारखा सरकवून काय मिळतं

डिस्नेचं तिकीट २०१८ पासून तारखेनुसार महागतं-उतरतं. २०२५ मध्ये एका दिवसाचं मोठ्यांचं तिकीट ११९ पासून १९९ डॉलरपर्यंत होतं. खालचं टोक अ‍ॅनिमल किंगडमच्या रिकाम्या दिवसांचं, वरचं नाताळच्या आठवड्यातल्या मॅजिक किंगडमचं. पण बहुदिवसीय तिकिटात एक फट आहे, ती फार जण वापरत नाहीत. किंमत ठरते तिकीट सुरू होण्याच्या तारखेवरून, आणि त्या तारखेपासून मुदत दिवसांपेक्षा जास्त मिळते: दोन दिवसांच्या तिकिटाला चार दिवस, तीनच्याला पाच, चारच्याला सात, पाचच्याला आठ. सुरू झालेल्या तारखेलाच आत गेलं पाहिजे अशी सक्ती नाही.

म्हणजे तुम्ही गुरुवारी पोहोचणार आणि गुरुवारपासूनचं तीन दिवसांचं तिकीट महाग दिसतंय, तर कॅलेंडरवर मंगळवारपासून किंवा बुधवारपासून सुरू होणारं तिकीट उघडून बघा. मंगळवारी सुरू झालेल्या तिकिटाची पाच दिवसांची मुदत शनिवारी संपते, तेव्हा गुरुवार, शुक्रवार, शनिवार त्यात नीट बसतात. कधी फरक पाच डॉलरचा निघतो, कधी वीसचा, कधी काहीच नाही. बघायला दोन मिनिटं लागतात आणि माणशी फरक चारने किंवा सहाने गुणायचा असतो, म्हणून बघावं. मात्र मग मध्ये विश्रांतीचा दिवस घेता येत नाही आणि विमान चुकलं तर एक दिवस बुडतो, हेही लक्षात असू द्या.

वयाबद्दल फार आशा ठेवू नका. डिस्ने आणि युनिव्हर्सल दोन्हीकडे मुलांचं तिकीट ३ ते ९ वर्षांचं, दहावं लागलं की मोठ्यांचं. मोठ्यांच्या आणि मुलांच्या तिकिटातला फरक मात्र इतका किरकोळ असतो की त्यासाठी सहल अलीकडे-पलीकडे करण्यात अर्थ नाही. खरी सवलत तीन वर्षांखालच्यांना, त्यांना तिकीटच नाही. धाकट्याला तिसरं पूर्ण व्हायला दोन महिने असतील तर तारीख अलीकडे ओढणं, ही एकाच निर्णयातली सगळ्यांत मोठी बचत ठरू शकते.

वयापेक्षा उंची महत्त्वाची. युनिव्हर्सलमधल्या हॅग्रिडच्या मोटरसायकल राइडला ४८ इंच लागतात, वेलोसिकोस्टरला ५१. डिस्नेच्या सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ३८ इंच पुरतात. घरातलं मूल ४२ इंचांचं असेल तर युनिव्हर्सलच्या स्वस्त तिसऱ्या दिवसात त्याच्या वाट्याला फारसं काही येत नाही, आणि मग तो दिवस स्वस्त असूनही वायाच. निघण्यापूर्वी दाराच्या चौकटीला उभं करून मूल मोजा, बूट घालून, आणि तो आकडा तिकिटाच्या हिशेबाशेजारी लिहा. मोठी मुलं असलेल्या घरात हेच उलटं होतं. बारा-तेरा वर्षांच्या पोराला युनिव्हर्सलचे चार दिवस द्या, तो डिस्नेचं नावही काढणार नाही.

तिकिटावरचे चढाव

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण इथे पावलोपावली आठवते.

डिस्नेचं पार्क हॉपर म्हणजे एका दिवसात एकाहून जास्त पार्कांत जायची मुभा. २०२४ च्या जानेवारीपासून दिवसाच्या कुठल्याही वेळी पार्क बदलता येतं, पूर्वी दुपारपर्यंत थांबावं लागे. सोय चांगली आहे, पण मुलं बरोबर असताना एका पार्कातून निघून दुसऱ्यात रमेपर्यंत एक-दीड तास सहज जातो. हॉपरची रक्कम दिवसांच्या प्रमाणात वाढत नाही, तिकीट लांब असेल तर ती दिवसाला कमी पडते. म्हणून तीन दिवसांच्या तिकिटावर हॉपर घेणं मला उधळपट्टी वाटते. पाच-सहा दिवसांवर, तेही संध्याकाळी एप्कॉटला फेरी मारायची असेल तर, समजू शकतो.

युनिव्हर्सलमध्ये यालाच पार्क-टू-पार्क म्हणतात आणि तिथे ते नाकारणं अवघड. हॉगवर्ट्स एक्स्प्रेस ही आगगाडी दोन पार्कांना जोडते आणि पार्क-टू-पार्क तिकिटाशिवाय तीत बसता येत नाही. माणशी साधारण पन्नास-साठ डॉलर जास्त जातात, प्रवास काही मिनिटांचा. मुलांनी हॅरी पॉटर वाचला असेल तर हे पैसे गेले असं समजूनच चाला. वाचला नसेल तर मुकाट्याने दिवसाला एक पार्क हेच तिकीट घ्या.

मे २०२५ मध्ये उघडलेलं एपिक युनिव्हर्स हे तिसरं पार्क जुन्या दोघांपासून काही मैलांवर आहे. वरचे तिसऱ्या दिवसाचे स्वस्त आकडे त्याला लागू नाहीत. एपिक असलेलं बहुदिवसीय तिकीट वेगळ्या दराने चढतं. तेव्हा दोन पर्याय मांडून बघा: तिन्ही पार्कांचं एकत्र तिकीट, किंवा जुन्या दोघांचं वेगळं आणि एपिकचं एका दिवसाचं वेगळं. कुठला स्वस्त पडेल ते तारखेवर आहे.

रांग टाळण्याच्या पासांचं तर वेगळंच दुकान आहे. डिस्नेचा लाइटनिंग लेन मल्टी पास दर माणशी, दर दिवशी. डिस्नेच्या हॉटेलात उतरलात तर सात दिवस आधी राइड्सच्या वेळा निवडता येतात, बाहेर उतरलात तर तीन दिवस आधी. माझ्या मते तो मॅजिक किंगडम आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन ठिकाणी कामाचा, इतर दोन ठिकाणी सकाळी लवकर पोहोचलं की भागतं. लहान मूल असेल तर पास घेण्याआधी रायडर स्विच विचारा. एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग थांबलेला पुन्हा पूर्ण रांग न लावता जातो. दोन्ही कंपन्यांकडे ही सोय फुकट आहे.

युनिव्हर्सलचा एक्स्प्रेस पास गर्दीच्या दिवशी माणशी शंभराच्या खूप पुढे जातो. इथे एक चांगला आडमार्ग आहे. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत उतरलेल्या सगळ्यांना जुन्या दोन पार्कांसाठी एक्स्प्रेस खोलीच्या भाड्यातच मिळतो, आणि आल्या दिवसासकट निघायच्या दिवसापर्यंत चालतो. म्हणजे एक रात्र राहिलं की दोन दिवसांचा पास. चौघांचे दोन दिवसांचे पास वेगळे विकत घेण्यापेक्षा एका रात्रीची महागडी खोली बहुतेक वेळा स्वस्त पडते. सकाळी बॅगा हॉटेलात ठेवून थेट पार्कात जायचं, खोली संध्याकाळी घेतली तरी चालतं. एपिकला हा पास लागू नाही. आणि दोघंच असाल तर हे गणित तितकंसं जमत नाही, खोलीचं भाडं दोघांतच वाटलं जातं.

गाडी घेऊन गेलात तर पार्किंगही धरा. डिस्नेचं साधं पार्किंग २०२५ मध्ये दिवसाला ३० डॉलर होतं, म्हणजे तीन दिवसांचे नव्वद. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ते माफ आहे, शिवाय रोज सकाळी अर्धा तास आधी प्रवेश आणि २०२५ पासून उतरण्याच्या दिवशी डिस्नेच्या वॉटर पार्कात फुकट प्रवेश. हा शेवटचा फायदा नीट वापरला तर आल्या दिवसाचं पार्क तिकीट वाचतं: दुपारपर्यंत पोहोचा, पोरांना पाण्यात सोडा, डिस्नेचा महाग दिवस दुसऱ्या सकाळपासून मोजायला सुरुवात करा.

दोघांनाही बाजूला ठेवणाऱ्या तिसऱ्या पर्यायाबद्दल कोणी फारसं बोलत नाही. धाकटी मुलं दोन ते आठ-नऊच्या मधली असतील तर विंटर हेवनचं लेगोलँड, ऑर्लंडोहून तासाभराच्या आतबाहेर. सीवर्ल्ड आणि टँपाचं बुश गार्डन्स एकाच कंपनीची, त्यांची तिकिटं फाटकावरच्या छापील दराने कधीच घेऊ नयेत, ऑनलाइन सवलत जवळजवळ बारमाही असते. डिस्नेचा चौथा महाग दिवस काढून त्या जागी यातलं एक घातलं तर पैसेही वाचतात आणि मुलांना बदलही मिळतो.

सवलतीची तिकिटं कुठून घ्यायची? अंडरकव्हर टूरिस्टसारखे अधिकृत विक्रेते बहुदिवसीय तिकिटांवर थोडे पैसे कमी करतात आणि कर धरूनच किंमत दाखवतात, त्यामुळे तुलना करताना डिस्नेच्या किमतीत आधी कर मिळवा. कोणाच्या उरलेल्या दिवसांचं तिकीट स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. तिकीट दुसऱ्याला देता येत नाही आणि डिस्नेच्या फाटकावर बोटाचा ठसा जुळवतात. हायवेलगतच्या टपऱ्यांवर आणि हॉटेलच्या लॉबीत जे जवळजवळ फुकट तिकीट मिळतं, त्याच्यामागे टाइमशेअरची, म्हणजे सुट्टीच्या घरातला वर्षातल्या काही दिवसांचा हिस्सा विकण्याची, बैठक असते. सांगताना दीड-दोन तास सांगतात, प्रत्यक्षात अर्धा दिवस जातो. दोन तिकिटं वाचवण्यासाठी सहा जणांची सकाळ द्यायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. आजी-आजोबांना सोफ्यावर बसवून सही करायला लावणारे तिथे फार गोड बोलतात, एवढं मात्र सांगून ठेवतो.