तांबड्या पेशीतलं सोडियम मोजायचंय: फ्लेम फोटोमीटर, रुबिडियम की फ्लुरोसंट रंग?

एम.एस्सी.चा प्रोजेक्ट असो की पीएच.डी.चं पहिलं वर्ष, माणसाच्या तांबड्या रक्तपेशींतली आयनांची ये-जा मोजायची ठरली की गाडी उपकरणाच्या निवडीवर येऊन अडते. माझं मत आधीच सांगतो. सुरुवात फ्लेम फोटोमीटरने (नमुना ज्योतीत फवारून निघणाऱ्या प्रकाशावरून सोडियम मोजणारं यंत्र) करा, किरणोत्सारी आयसोटोपकडे तुमच्या प्रश्नाची तशी मागणी असेल तरच वळा, आणि या पेशीपुरता फ्लुरोसंट रंगांचा (आयन चिकटला की चमक बदलणाऱ्या रंगांचा) नाद शक्यतो सोडा.

आधी आकडे बघू. दर लिटर पेशींमागे आत सोडियम साधारण 6 ते 10 मिलीमोल, बाहेर प्लाझ्मात 140. पोटॅशियमचं उलट: आत 100 च्या आसपास, बाहेर 4-5. हा फरक टिकवणारा पंप एका एटीपीच्या खर्चात तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. पोस्ट आणि जॉली यांनी 1957 साली हे 3:2 प्रमाण माणसाच्या तांबड्या पेशींतच दाखवलं. पण तासाभरात पंप बाहेर काढतो ते सोडियम लिटरमागे जेमतेम 2-3 मिलीमोल. पद्धत निवडताना हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवायचा.

फ्लेम फोटोमीटर बहुतेक कॉलेजांत असतोच. पेशी बर्फगार मॅग्नेशियम क्लोराइडने धुवायच्या, सोडियम नसलेल्या पण थोडं पोटॅशियम असलेल्या द्रावणात 37 अंशांवर ठेवायच्या आणि ठरावीक वेळाने वरचं द्रावण काढून 589 नॅनोमीटरला वाचायचं. एका नळीत ओवाबेन (पंप बंद पाडणारं रसायन) घाला, एकीत घालू नका. दोन्हींतला फरक म्हणजे पंपाचं काम. तिसऱ्या नळीत ओवाबेनसोबत बुमेटानाइड घातलं की सोडियम-पोटॅशियम-क्लोराइड एकत्र नेणारी वाट अडते, आणि ती वेगळी काढता येते. 5 टक्के पेशी असलेल्या द्रावणात तासाला सोडियम वाढतं ते फक्त 0.1 ते 0.15 मिलीमोल प्रति लिटर. पण मुळात पाटी जवळजवळ कोरी असल्यामुळे तेवढंही स्पष्ट दिसतं.

खरी परीक्षा हात किती स्वच्छ आहेत याची असते. साध्या काचेतून सोडियम सुटतं, म्हणून सगळं प्लास्टिकमध्ये करा. रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेऊ नका, त्यातलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) बहुधा पोटॅशियमचंच मीठ असतं. त्याऐवजी रक्त गोठू न देणारं हेपॅरिन घ्या, पण लिथियम मोजणार असाल तर लिथियम हेपॅरिन नको. पेशी फोडून आतलं सोडियम मोजायचं असेल, तर धुणं सर्वांत महत्त्वाचं. गोळ्यात 1 टक्का प्लाझ्मा अडकून राहिला तरी 1.4 मिलीमोलची भर पडते, आणि मुळात आत आहे 8! पोटॅशियम बाहेर पडताना मोजायचं असेल तर अडचण वेगळी: 1 टक्का पेशी फुटल्या की लिटरमागे 1 मिलीमोल पोटॅशियम सांडतं, म्हणजे तासाभरात पंपाने आत नेलेल्याच्या निम्म्याहून जास्त. सोडियमला हा धोका नगण्य आहे.

या पद्धतीची मर्यादा अशी, की तिला फक्त निव्वळ फरक दिसतो. एक सोडियम आत, एक बाहेर अशी अदलाबदल तिच्या नजरेतून निसटते. इथे आयसोटोप लागतो. सोडियम-22 चं अर्धायुष्य 2.6 वर्षं, म्हणजे कचरा सांभाळायची जबाबदारी तुमच्यानंतरच्या कित्येक बॅचवर. रुबिडियम-86 चं 18.6 दिवस, पंप रुबिडियमला पोटॅशियमसारखंच उचलतो आणि त्याचे बीटा कण इतके जोरकस असतात की नुसत्या पाण्यातही चेरेन्कोव्ह प्रकाशावर (वेगवान कण पाण्यातून जाताना पडणाऱ्या निळसर उजेडावर) मोजता येतात. पण एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, वेगळी खोली हे सगळं आधीपासून असलेल्या संस्थेतच या वाटेला जा. एका प्रोजेक्टपुरतं ते नव्याने उभं करत बसू नका.

मधला मार्ग फार कमी जण वापरतात, आणि मला तो मनापासून आवडतो: साधं, किरणोत्सार नसलेलं रुबिडियम. पेशींत ते जवळपास नसतंच, त्यामुळे आत जे सापडेल ते तुमच्या प्रयोगातलंच. अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनवर म्हणजे अणू किती प्रकाश शोषतात यावरून मोजणाऱ्या यंत्रावर, 780 नॅनोमीटरला वाचायचं.

रंगांचं थोडक्यात सांगतो. एसबीएफआय हा सोडियम दाखवणारा रंग 340 आणि 380 नॅनोमीटरला उत्तेजित होतो, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात हिमोग्लोबिन प्रकाश गिळतं. चेतापेशीत जे सुंदर चालतं ते इथे आंधळं होतं. पॅच क्लॅम्पही (पेशीच्या पटलातून वाहणारी वीज मोजायची पद्धत) सोडियमसाठी बिनकामाचा: एका पेशीवर पंप काही शेच, त्यांचा प्रवाह हाती लागत नाही, आणि एक सोडियम, एक पोटॅशियम, दोन क्लोराइड एकत्र गेले की विद्युतभार शून्य, मोजायला काही उरतच नाही.

निवड प्रश्नावर ठरवा. रक्तदाबाशी जोडलेला सोडियम-लिथियम विनिमय बघायचा असेल, ज्याकडे कनेसा आणि सहकाऱ्यांनी 1980 साली लक्ष वेधलं, तर पेशींत लिथियम भरून ते फ्लेमवर मोजणं पुरेसं आहे. विदर्भातल्या किंवा नंदुरबारच्या सिकलसेल रुग्णांच्या पेशींत गार्डोस चॅनलमधून (पेशीत कॅल्शियम वाढलं की उघडणाऱ्या पोटॅशियमच्या वाटेतून) पोटॅशियम कसं निघून जातं हे बघायचं असेल, तर त्याच वाटेने जाणारं रुबिडियम घ्या: या पेशी सहज फुटतात, आणि आत गेलेलं रुबिडियम उरलेल्या धड पेशींच्या हिमोग्लोबिनमागे मोजलं की फुटलेल्यांचा हिशेब आपोआप बाहेर राहतो. पद्धत कोणतीही घ्या, रक्तपेढीतली जुनी पिशवी मात्र नको. 4 अंशांवर पंप जवळपास थांबतो, सोडियम आत झिरपत राहतं आणि तुम्ही मोजायला बसण्याआधीच आतले आकडे बदललेले असतात.