निवड अव्वल, पडदा कच्चा : नागपूरच्या स्वतंत्र चित्रपट महोत्सवाचे तीन दिवस

आधी निवडीबद्दल, कारण ती मनापासून दाद द्यावी अशी आहे. नव्या दिग्दर्शकांसाठी भरवलेल्या या महोत्सवात लघुपट, माहितीपट आणि मोजके पूर्ण लांबीचे चित्रपट होते. बहुतेकांचं हे पहिलं किंवा दुसरं काम. वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी आणि कोरकू एकाच दुपारी एकाच पडद्यावर ऐकायला मिळतात, हे नागपूरकर प्रेक्षकांनाही नवं आहे. मोठ्या महोत्सवांत विदर्भाच्या वाट्याला एखादा खेळ येतो, इथे अख्खा गट आला. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि तिथल्या कलावंतांची कॅमेऱ्यासमोरची सहजता दोन लघुपटांत ठळक दिसली. त्यांना मंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असते. दिग्दर्शकांनी तो नेमका कुठे खाली आणला, हे बघण्यासारखं होतं.

विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपत्त्यावरचा माहितीपट या निवडीतला सर्वोत्तम. एक बाई सालीच्या दोरीचं टोक दातांत धरते, एका हाताने पानांचा गठ्ठा दाबते आणि दुसऱ्या हाताने गाठ मारते. निवेदन नाही, संगीत नाही. पुड्यामागून पुडा पडत राहतो आणि हिशेब आपोआप प्रेक्षकाच्या मनात सुरू होतो. हा चित्रपट निवडणाऱ्यांची नजर पक्की आहे.

एवढी चांगली निवड ज्या पद्धतीने दाखवली, तिथे मात्र मोठी तक्रार आहे. सभागृह मुळात नाटकांसाठी बांधलेलं. मंचाच्या दोन्ही बाजूंना एकेक स्पीकर, पडद्यामागे काही नाही, आणि चित्रपट चालतात लॅपटॉपवरून. पहिल्या दिवशी दोन चित्रपटांत पाऊस स्वच्छ, संगीत दणदणीत आणि माणसं मात्र विहिरीतून बोलल्यासारखी. प्रेक्षकांनी दोष ध्वनिमुद्रणाला दिला. तो तिथे नव्हता. ५.१ मिश्रणात, म्हणजे थिएटरसाठी आवाज सहा चॅनलांत विभागलेल्या मिश्रणात, संवाद प्रामुख्याने मधल्या, म्हणजे सेंटर चॅनलवर असतात. लॅपटॉपमधून फक्त डावा आणि उजवा चॅनल बाहेर काढला की संवाद गळून पडतात आणि उरते ती त्यांची घुमणारी सावली. यावर उपाय दोन मिनिटांचा आहे. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्टिरिओ डाउनमिक्स निवडायचं. मग सेंटर चॅनल साधारण ३ डेसिबल कमी होऊन दोन्ही बाजूंत मिसळतो. त्याहून चांगलं म्हणजे प्रवेशिका मागवतानाच प्रत्येकाकडून वेगळं स्टिरिओ मिश्रण घ्यायचं.

आवाजाच्या पातळीचंही तेच. एकाने यूट्यूबसाठी मिश्रण केलेलं असतं, ते वाजतं जोरात. दुसऱ्याने थिएटरसाठी केलेलं, ते हळू. सहा लघुपट सलग लागले की पहिल्यात कान झाकायचे आणि दुसऱ्यात पुढे वाकून बसायचं. आदल्या दिवशी प्रत्येक चित्रपटाची सुरुवातीची, मधली आणि शेवटची दोन-दोन मिनिटं लावून ध्वनिमिक्सरवरचा आवाजाचा आकडा कागदावर लिहून ठेवला असता तर हे टळलं असतं. १२ चित्रपटांना त्यासाठी दीड-दोन तास पुरतात.

चित्र अडखळत होतं, त्याचं कारण वेगळं. चित्रपट सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेमचा, आणि लॅपटॉपची प्रोजेक्टरकडे जाणारी जोडणी सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवणारी, म्हणजे ६० हर्ट्‌झवर. २४ ही संख्या ६० मध्ये समान वाटली जात नाही. एक फ्रेम दोनदा दिसते, पुढची तीनदा, आणि कॅमेरा आडवा फिरला की धानाचं शेत झटके देत सरकतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये २४ फ्रेमच्या चित्रपटाला २४ आणि २५ च्या चित्रपटाला ५० हर्ट्‌झ ठेवलं की हालचाल सरळ होते. प्रोजेक्टर तो वेग घेतो की नाही हे मात्र आधी तपासावं लागतं. नवे छायाचित्रकार इथे २५ फ्रेम निवडतात त्यालाही कारण आहे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली २५ सुरक्षित. २४ वर चित्रण करायचंच असेल तर शटरचा कोन १७२.८ अंश ठेवायचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला १/५० सेकंद मिळतो आणि उजेड लपलपत नाही.

उपशीर्षकांवर थोडं थांबायला हवं. गोंडी माहितीपटाला मराठी उपशीर्षकं दिली, हा निर्णय उत्तम. पण एका लघुपटात पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली होती आणि जोडाक्षरं फुटली होती. दुसऱ्याच्या पहिल्या मिनिटाला तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा दिसला, मग उपशीर्षकं बंदच केली. पहिल्यात देवनागरीची अक्षरजुळणी न जमणारा प्लेअर होता. दुसऱ्यात मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतांत, नव्हे. तो फॉन्ट यंत्रावर नसला की असंच होतं. मजकूर युनिकोडमध्ये लिहून फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या रूपात जतन करावी, आणि महोत्सवासाठी उपशीर्षकं चित्रावरच कायमची छापून पाठवावीत. एका वेळी दोनच ओळी, खालच्या कडेपासून थोड्या वर. या सभागृहात उतार कमी आहे, अगदी तळाची ओळ पुढच्याच्या डोक्यामागे जाते. पांढऱ्या अक्षरांना काळी कड हवीच, नाहीतर उन्हाळ्याच्या आभाळावर ती विरघळतात.

अनुवादाचाही प्रश्न आहे. ‘कायले आला बे?’ याचं इंग्रजी उपशीर्षक ‘तू का आलास?’ एवढंच सांगत होतं. त्या ‘बे’ मध्ये राग होता की लाड, ते संवादाच्या सुरात होतं आणि नेमका सूरच स्पीकरमधून येत नव्हता. आवाज नीट असता तर उपशीर्षकाचं हे अपुरेपण प्रेक्षकाने स्वतः भरून काढलं असतं.

सर्वांत जास्त लागली ती श्रेयनामावलीची कापाकापी. वेळ वाचवायला ऑपरेटरने सहापैकी चार लघुपटांची नामावली मधेच थांबवली. लगेच पडद्यावर लॅपटॉपचा डेस्कटॉप, त्यावर फोल्डर, त्यावर फिरणारा बाण. छोट्या चित्रपटाची नामावली मिनिटभराची असते. त्या मिनिटात प्रकाशयोजना करणाऱ्या, जेवणाचे डबे पोचवणाऱ्या, घर वापरायला देणाऱ्या माणसांची नावं पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर येतात आणि त्यांतले काही जण गावाहून गाडी करून सभागृहात आलेले असतात. वेळ कमी असेल तर उद्‌घाटनाचं एक भाषण कमी करावं. सगळे चित्रपट एका प्लेलिस्टमध्ये घालून मधे ५ सेकंदांचा काळा पडदा ठेवला की डेस्कटॉपही दिसत नाही.

पुढच्या वर्षी चित्रपट पाठवणाऱ्यांनीही काही गोष्टी सांभाळाव्यात. डीसीपी (थिएटरसाठी बनवलेला चित्रपटाचा डिजिटल संच) असेल तर उत्तम, पण ते चालवणारा सर्व्हर मल्टिप्लेक्समध्ये असतो, अशा सभागृहात सहसा नसतो. म्हणून १९२० बाय १०८० ची, लॅपटॉपवर सहज चालणाऱ्या एच.२६४ या व्हिडिओ प्रकारातली फाइल सोबत द्यावी, स्टिरिओ आवाजासह. पेनड्राइव्ह फॉरमॅट करताना एक्सफॅट हा प्रकार निवडावा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि हे ऐनवेळी कळतं. फाइलच्या नावातच चित्रपटाचं नाव, लांबी, फ्रेमचा वेग आणि आवाजाचे चॅनल लिहावेत. ‘फायनल_नवीन_२’ या नावाच्या तीन फाइल एकाच लॅपटॉपवर आल्या की चुकीची लागणारच.

प्रश्नोत्तरं छान रंगली. सूत्रसंचालकाने प्रश्न एका वाक्यात विचारायला लावला आणि माइक स्वतःच्या हातात ठेवला, त्यामुळे श्रोत्यांची भाषणं झाली नाहीत. दिग्दर्शिकांना कॅमेरा, खर्च आणि चित्रणाचे दिवस विचारले गेले, ‘बाई असून कसं जमलं’ हे कोणी विचारलं नाही. यासाठी आयोजकांचं खास कौतुक.

नोंदणीच्या टेबलावर ओळखपत्र मागतात म्हणून काही जण वैतागले. त्याला कारण आहे. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेले चित्रपट महोत्सवात दाखवायला केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते, आणि असे खेळ नोंदणी केलेल्या प्रतिनिधींसाठीच असतात. लहान मुलांना घेऊन जायचा बेत असेल तर आधी विचारून घ्या.

मेट्रोने आलात तर सोयीचं. ऑरेंज आणि अ‍ॅक्वा दोन्ही मार्ग सीताबर्डीला मिळतात, गाडी लावायची चिंता नाही. तारखा विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात आल्या तर सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते वळवलेले असतात आणि हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत. बाहेरगावच्या दिग्दर्शकांनी खोली लवकर धरावी. चहा-पोह्यांची सोय आवारात आहे, पण दोन गटांमधली १५ मिनिटं त्या रांगेला पुरत नाहीत. बाल्कनीत आवाज आणखी घुमतो. खालच्या मजल्यावर मधोमध, सहाव्या ते दहाव्या रांगेत बसा. बाजूच्या दाराचा पडदा अर्धवट आहे, दुपारच्या खेळाला तिथून उन्हाची पट्टी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर येते.

निवडीला पाचपैकी साडेचार, प्रक्षेपणाला दोन.