नम्पाय की जे? चौरस तक्ता घेऊन बघा

नम्पाय ही पायथनची आकड्यांच्या तक्त्यांसाठीची लायब्ररी, जे (J) ही त्याच कामाची प्रोग्रामिंग भाषा. एकेका आकड्यावर फिरणारा लूप दोन्हीकडे लिहावा लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. खरा फरक पडतो तो दोन ॲरेंचे (आकड्यांच्या याद्यांचे किंवा तक्त्यांचे) आकार वेगळे असले की. नम्पाय ते शेवटच्या अक्षापासून (अक्ष म्हणजे तक्त्याची दिशा: आधी ओळी, मग स्तंभ) जुळवत येतं, तर जे भाषा पहिल्यापासून. वाचताना मलाही ही बाब किरकोळच वाटली होती.

इथे इंदुरात माझ्या मामेभावाची शेव-नमकीनची सात दुकानं. आठवड्याची विक्री सात बाय सातच्या तक्त्यात: ओळ म्हणजे दुकान, स्तंभ म्हणजे वार. प्रत्येक दुकानाच्या विक्रीतून त्याचीच सरासरी वजा करायची होती. नम्पायमध्ये ॲक्सिस 1 वर, म्हणजे ओळीओळीची, सरासरी काढली, तक्त्यातून वजा केली, उत्तर आलं. रविवार सगळ्याच दुकानांत उंच. रविवारी राजवाड्याकडे पाय ठेवायला जागा नसते, मग शंका कशाला येईल? प्रत्यक्षात सातव्या, म्हणजे सगळ्यांत लहान दुकानाची सरासरी रविवारच्या अख्ख्या स्तंभातून वजा झाली होती. आठवं दुकान निघालं, आठ बाय सातला एरर आली, तेव्हा कुठे उमगलं. तोवर दोन महिने भाऊ त्याच आकड्यांवर माल भरत होता.

इलाज आहे: कीपडिम्स (keepdims, सरासरीनंतरही तो अक्ष शिल्लक ठेवणारा पर्याय) चालू ठेवायचं. पण ते आठवायला हवं ना!

जेमध्ये `(+/ % #)"1` ही प्रत्येक ओळीची सरासरी, आणि ती तक्त्यातून सरळ वजा होते, ज्याची त्याला. ॲक्सिस सांगतो कुठला अक्ष नाहीसा होणार, रँक (इथला `"1`) सांगतो फंक्शनचा घास केवढा. माझ्या डोक्यात दुसरं लवकर शिरतं. पुढे आठवड्यांचा अक्ष सुरुवातीला जोडला, तरी त्या ओळीत काहीच बदलावं लागलं नाही.

जेमध्ये खड्डा नाही असं नव्हे. स्तंभांची सरासरी वजा करताना `-"1` (ओळीओळीने वजाबाकी) लिहायला विसरलात तर चौरस तक्ता तिथेही गप्पच राहतो. शिवाय आयव्हर्सन आणि हुई यांनी 1990 मध्ये एपीएल या जुन्या भाषेचं हे धाकटं भावंड काढताना तिची खास चिन्हं सोडली, कीबोर्डावरचीच घेतली. तरी पहिले पंधरा दिवस पानभर विरामचिन्हं सांडल्यासारखी दिसतात. नोकरीसाठी शिकत असाल तर नम्पायच घ्या, मीही ऑफिसात तेच वापरतो.

भावाचा तक्ता मात्र परत नम्पायवर नेलेला नाही.