कपाटभर रेकॉर्डी, दीड तासाचं मिक्स: कॅसेट, सीडी, फाइल की दोन टर्नटेबल?

कपाटात लाखेच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या आहेत, 45 फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्डी आहेत, एलपी तर आहेतच. ख्यालाला टेकून जॅझ उभा, त्याच्याशेजारी ब्रास बँड, आणि मागे कुठेतरी पक्ष्यांच्या आवाजांची एक तबकडी, जी कधी आणि का घेतली ते आता आठवत नाही. या सगळ्यातून तासा-दीड तासाचं आपलं असं एक मिक्स करायचं आहे आणि गाडी अडली आहे ती ‘करायचं कशावर’ इथे.

‘आवाज कशाचा चांगला’ या प्रश्नाने सुरुवात केली तर निर्णय कधीच होत नाही. मी आधी दोन गोष्टी विचारतो. तुमच्या रेकॉर्डी एकमेकींपासून किती लांबच्या आहेत? आणि हाती घेतलेलं काम तुमच्याकडून संपतं का? दुसरा प्रश्न आगाऊ वाटेल, पण माझ्या बाबतीत निकाल त्यानेच लावला.

आधी तबकड्यांचं बघा

सगळ्या रेकॉर्डी एलपी असतील आणि साधारण एकाच काळातल्या असतील, तर पुढचं कुठलंही माध्यम चालेल. अडचण येते ती जुनं-नवं मिसळताना. 78 फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला साधारण 75 मायक्रॉन टोकाची सुई लागते, तर एलपीची सुई 18 ते 25 मायक्रॉनची. एलपीची सुई 78 वर लावली की ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्याच्या जोडीला तळातली सगळी धूळ ऐकवते. त्यात 1925 च्या आधीचं ध्वनिमुद्रण असेल तर ते भोंग्यापुढे गाऊन केलेलं, म्हणजे खर्ज जवळजवळ नाहीच. शिवाय खर्ज दाबून आणि उंच तार सूर उचलून रेकॉर्ड कापायची सध्याची पद्धत, आरआयएए वक्र, 1954 पासून रुळली. त्याआधी प्रत्येक कंपनीचं आपापलं गणित होतं. तुमचा फोनो प्रीअँप, म्हणजे सुईचा बारीक आवाज मोठा करणारी पेटी, मात्र सगळ्यांना एकाच मापाने मोजतो, त्यामुळे जुन्या तबकड्या कधी बोदट वाजतात, कधी कर्कश.

म्हणजे एका मिक्समध्ये 1920 च्या आसपासची तबकडी आणि 1975 ची एलपी पाठोपाठ येणार असतील, तर मधे कुठेतरी दुरुस्तीची सोय लागेल. ही सोय कोणाकडे किती आहे, यातच अर्धी तुलना आली.

कॅसेट

फिलिप्सने 1963 मध्ये कॅसेट आणली आणि घरच्या घरी मिक्स करण्याची चटक लोकांना तिने लावली. सी-60 म्हणजे बाजूला 30 मिनिटं, सी-90 म्हणजे 45. सी-120 च्या वाटेला जाऊ नका. तिची टेप इतकी पातळ असते की ताणते, गुंतते, आणि एखाद्या दिवशी कॅसेट डेकच्या पोटात शेवयांसारखी सापडते.

कॅसेटचं खरं वैशिष्ट्य असं की ती तुम्हाला बसून ऐकायला लावते. 45 मिनिटांची बाजू भरायला निदान 45 मिनिटं लागतात, प्रत्यक्षात दोन तास. रेकॉर्ड पुसा, सुई टेकवा, सगळ्यात जोरकस जागा शोधून पातळी लावा, सुई उचला, डेक पॉजवर ठेवा, पुन्हा टेकवा, सोडा. टेपच्या सुरुवातीचा कोरा पट्टा आधी पुढे सरकवायचा, नाहीतर पहिली तान त्या पट्ट्यावर वाया जाते. आणि बाजू संपत आली की जीव टांगणीला. माझ्या पहिल्या कॅसेटचा शेवट एका ठुमरीच्या ऐन मुखड्यावर तुटला होता. शेवटच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर वेळ छापलेला नव्हता आणि मी अंदाजाने चार मिनिटं धरली होती. तेव्हापासून बाजू संपायच्या आधी दोन मिनिटं उरली की मी काहीतरी वाद्यसंगीत टाकतो. तुटलं तरी शब्द तुटत नाहीत.

आवाजाचं म्हणाल तर टेप फुसफुसते, हे खरं. पण पातळी थोडी वर गेली तर ती गुरगुरत सांभाळून घेते. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल या कमाल पातळीच्या वर गेलेला आवाज थेट फाटतो, टेपवर तो जरा जाडसर होतो. वेगवेगळ्या काळच्या तबकड्या टेपवर एकमेकींच्या थोड्या जवळ आल्यासारख्या वाटतात, कारण सगळ्यांवर तीच फुसफुस पसरलेली असते. हा दोष मला अनेकदा सोयीचा वाटला आहे.

दुरुस्ती मात्र शून्य. सातवं गाणं चुकलं असं नवव्याला कळलं तर सात, आठ आणि नऊ तिन्ही पुन्हा. चांगल्या स्थितीतला डेकही आता सहज मिळत नाही. त्याचे रबरी पट्टे सैल झालेले असतात आणि मग सूर डुलतो. तानपुऱ्यावर ही डुलणी लगेच पकडली जाते, ढोल-ताशांत खपून जाते. घ्यायच्या आधी डेकवर पियानोचा एक लांब स्वर वाजवून बघा.

सीडी

हिच्याबद्दल फार नाही. 80 मिनिटं, सलग, बाजू पलटायची नाही. डिस्क लिहिताना दोन गाण्यांत आपोआप दोन सेकंदांची शांतता घुसते, ती नको असेल तर पूर्ण डिस्क एका दमात लिहिण्याचा पर्याय निवडावा. लिहिण्यायोग्य सीडीतला रंगद्रव्याचा थर उन्हात उडतो, म्हणून मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली डिस्क एखाद-दोन उन्हाळ्यांत कुरकुरायला लागली तर नवल नाही. ज्याला भेट द्यायची त्याच्याकडे प्लेअर असेल तर उत्तम, पण आता बहुतेक नवीन लॅपटॉपला डिस्कचं तोंडच नसतं. फाइलचं मिक्स आधीच तयार असेल तर शेवटच्या पायरीला सीडी करावी, सुरुवात तिच्यापासून करू नये.

संगणकावरच्या फाइल

कपाट खरंच पंचमेळ असेल तर माझं मत इकडे. कारण सगळी दुरुस्ती इथेच होते.

रेकॉर्डची पूर्ण बाजू 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर उतरवून घ्यायची, सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवून. मिनिटाला साधारण 35 एमबी जागा जाते. 22 मिनिटांची बाजू पाऊण जीबीची होते, फ्लॅक या प्रकारच्या फाइलमध्ये साठवली की बरीच आकसते आणि आवाज तसूभरही कमी होत नाही. एवढं मोठं कशाला, ऐकायला तर 16 बिट पुरतात, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण दुरुस्ती करताना हात मोकळा राहतो आणि तीच तबकडी पुन्हा झिजवावी लागत नाही. फक्त हवं ते गाणं उतरवण्याचा मोह टाळा. पुढच्या वर्षी त्याच बाजूचं दुसरं गाणं हवं असतं.

मग गमती सुरू होतात. मोनो रेकॉर्ड स्टीरिओ सुईने वाजवली असेल तर डावा-उजवा आवाज एकत्र करायचा, खरखर लक्षात येण्याइतकी कमी होते. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे दोन क्लिकचं काम आहे. टर्नटेबलला 78 चा वेग नसेल तर तबकडी 45 वर वाजवून नंतर फाइलचा वेग 1.73 पट करता येतो. सुई मात्र जाडच हवी, आणि वेग बदलल्यामुळे खर्ज-तार थोडी हलते ती हाताने जुळवावी लागते. टकटक काढणारी यंत्रणाही असते, पण ती जपून. जास्त ताणली की तबल्याच्या चाटीवरची धार जाते, सतारीची मिजराब बोथट होते, कारण संगणकाला टकटक आणि आघात एकसारखेच दिसतात. मी मोठ्या ओरखड्यांपुरती हाताने वापरतो. बारीक खरखर राहू देतो.

आवाजाची पातळी मोजायला एलयूएफएस हे माप आहे. सगळी गाणी एका आकड्यावर आणली की ऐकणाऱ्याचा हात सारखा बटणाकडे जात नाही. पण आकड्यावर विसंबू नका. ब्रास बँडनंतरचा आलाप त्याच आकड्यावर आणला तर गायक कानाशी येऊन बसल्यासारखा वाटतो. मी आलाप तीन-चार डेसिबल खाली ठेवतो.

आणि जोड. एक गाणं विरत असताना दुसरं उगवतं, ते ऐकायला छान, पण दोघांचे षड्ज, म्हणजे आधाराचे सूर, बघा. काळी एक पट्टीतला तानपुरा आणि पांढरी दोनमधलं गिटार एकमेकांवर चढले तर पाच सेकंदही सोसवत नाहीत. अशा वेळी मधे शांतता ठेवावी, नाहीतर बिनसुराचं काहीतरी घालावं: पाऊस, टाळ्या, नुसती सुई चालल्याचा आवाज. ती पक्ष्यांची तबकडी शेवटी इथेच कामी आली.

आता दोष. फाइलचं मिक्स संपत नाही. उद्या क्रम बदलू, ती जोड अर्ध्या सेकंदाने मागे घेऊ, अमुक गाण्याऐवजी तमुक. माझ्या एका मिक्सच्या 14 आवृत्त्या एका फोल्डरमध्ये पडून आहेत आणि त्यातली एकही कोणाला दिलेली नाही. कॅसेट तुम्हाला चुका करून पुढे जायला लावते, फाइल तुम्हाला एकाच जागी गिरक्या घालायला लावते. वर ‘काम संपतं का’ असं विचारलं ते म्हणून.

स्ट्रीमिंगची यादी

हाही पर्याय लोक धरतात, म्हणून चार शब्द. क्रम पटकन तपासायला, लिंकवर कोणालाही ऐकवायला याच्याइतकं सोपं काही नाही. पण ते तुमच्या कपाटाचं मिक्स नव्हे. छोट्या रेकॉर्डवर असलेली तीन मिनिटांची आवृत्ती तिथे नसते, असते ती पुन्हा घासूनपुसून काढलेली दुसरीच. परवान्याची मुदत संपली की गाणं यादीतून राखाडी होतं. लाखेच्या तबकड्यांपैकी किती तिथे सापडतात, ते पाच नावं टाकून स्वतःच बघा. सापडल्या तरी तुमच्या प्रतीवरचा तो ओळखीचा ओरखडा नसतो, ज्याची आता गाण्याबरोबर वाट बघायची सवय झालेली असते.

दोन टर्नटेबल आणि मिक्सर

ज्याला माणसांपुढे वाजवायचं आहे त्याने हाच रस्ता धरावा. टेक्निक्सच्या 1979 च्या एसएल-1200 एमके2 या टर्नटेबलने वेग 8 टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करायची सरकपट्टी दिली आणि दोन रेकॉर्डींची लय हाताने जुळवणं रुळलं. मात्र वेग 6 टक्के बदलला की सूरही जवळजवळ एका पट्टीने सरकतो: काळी एकची पांढरी दोन. नाचाच्या रेकॉर्डीत हे चालतं, गळ्यात चालत नाही. शिवाय ड्रम मशीनची लय घड्याळासारखी असते, माणसाने वाजवलेली नसते. मध्यलयीत सुरू झालेली बंदिश रंगत गेली की चढते, तिच्यावर दुसरी रेकॉर्ड बसवायला गेलात की दहा आवर्तनांत समा दोन वेगळ्या ठिकाणी पडतात.

पण चुकलं तर चुकलं, हा कॅसेटचा गुण इथेही आहे. मिक्सरमधून थेट रेकॉर्ड करून ठेवा, एका बैठकीत काम संपतं. पंचमेळ कपाट असेल तर लय जुळवायच्या फंदात न पडता एक संपली की दुसरी असं वाजवा. दोन सारखी टर्नटेबलं आणि मिक्सर घेण्याचा खर्च त्यासाठी करावा का, हा प्रश्न मग उरतोच. माझ्या मते नाही.

मग घ्यायचं काय

एकाच माणसासाठी करत असाल, त्याच्याकडे डेक असेल आणि रेकॉर्डी फार विस्कळीत नसतील तर कॅसेट. त्या भेटीला तोड नाही. जुन्या तबकड्या पाच-सातपेक्षा जास्त असतील तर फाइल, दुसरा विचार नको. नुसता क्रम सुचत नसेल तर स्ट्रीमिंगवर कच्चा आराखडा, तोही एक संध्याकाळ. मिक्स नेटवर सगळ्यांसाठी टाकायचं असेल तर गाण्याचे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगवेगळ्या हातांत असतात हे लक्षात ठेवा. घरात ऐकणं आणि जगाला ऐकवणं कायद्याच्या लेखी एक नाही, आणि मोठ्या संकेतस्थळांची यंत्रं रेकॉर्ड ओळखतात.

मी स्वतः आता फाइलवर काम करतो, पण कॅसेटच्या नियमाने. दोन बाजू, प्रत्येकी 45 मिनिटं, मधे पलटायची जागा. गाण्यांची जोड एकदा ठरवली आणि सलग एकदा ऐकली की फाइलला तारीख घालून बंद करायची, चुकीची जोड राहिली तरी. सोबत एक कागद: कुठली रेकॉर्ड, कुठली बाजू, कितवं गाणं. ऐकणारा वाचेल न वाचेल, पण सहा महिन्यांनी ‘ती तिसरी चीज कुठली होती’ असा फोन आला की कपाटापुढे उकिडवं बसायची वेळ माझ्यावर येत नाही.