पाठ आणि नसांचं व्हीए रेटिंग कमी आलं: पुरवणी दावा, फेरतपासणी की बोर्ड?

अमेरिकी सैन्यात सेवा केलेल्यांना व्हीएचं (अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाचं) अपंगत्वाच्या रेटिंगचं, म्हणजे भत्ता ज्यावर ठरतो त्या टक्क्यांचं, निकालपत्र आलं, की त्याला आव्हान द्यायला त्यावरच्या तारखेपासून एक वर्ष हातात असतं. पुरवणी दावा नंतरही करता येतो, पण मग मागच्या थकबाकीवर बहुधा पाणी सोडावं लागतं. वाटा तीन: नवा पुरावा जोडून पुरवणी दावा, वरिष्ठांकडून जुन्याच फाइलची फेरतपासणी, किंवा अपिलांचं बोर्ड. कुठली धरायची हे पाहताना आधी तपासा: पुरावाच कमी पडला, की असलेला नीट वाचला गेला नाही?

कमरेचं रेटिंग मुख्यतः अंशांवर ठरतं. पुढे वाकताना 60 अंशांवर अडलात तर 20 टक्के, 30 किंवा त्याहून कमी असेल तर 40. तपासणीच्या दिवशी दुखणं शांत असतं, गोनिओमीटर (कोन मोजायचं साधन) 70 दाखवतो आणि 10 टक्क्यांवर बोळवण होते. दुखणं उसळल्यावर किती अंश कमी होतात, हे तपासनिसाने विचारलंच नसेल तर चूक त्यांची. तिथे फॉर्म 20-0996 भरून वरिष्ठांकडून फेरतपासणी मागा. नवा कागद लावता येत नाही. पण फोनवरची चर्चा जरूर मागा आणि अहवालातलं नेमकं पान दाखवा. लगेच टक्के वाढतील असं नाही, अनेकदा नव्याने तपासणीचा आदेश निघतो.

नसांचं प्रकरण वेगळं. कमरेतून पायात उतरणाऱ्या सायटिक नसेला 10, 20, 40, 60 आणि 80 टक्के अशा पायऱ्या आहेत. नुसत्या मुंग्या आणि बधिरपणा असेल तर 20 च्या वर जात नाही. पाऊल वर उचलताना ताकद कमी पडते, घोट्याचा रिफ्लेक्स येत नाही, पोटरी बारीक झालीय, हे डॉक्टरांनी मोजून लिहिलेलं हवं. ते फाइलमध्ये नसेल तर फेरतपासणीत वेळ घालवू नका. ईएमजी (नसा-स्नायूंची विद्युत चाचणी) आणि डॉक्टरांचा अहवाल जोडून फॉर्म 20-0995, म्हणजे पुरवणी दावा. दोन्ही पायांचं रेटिंग वेगवेगळं मिळतं. एक पाय राहून गेलाय का, ते आधी बघा. बेरीज मात्र सरळ नसते: कंबर 20 आणि दोन्ही पाय 20-20 असतील तर 60 नाही, 50 होतात.

बोर्डाकडे (फॉर्म 10182) न्यायाधीश निकाल देतात. नियमाचा अर्थच चुकीचा लावला असेल तर ही वाट. पुरावा जोडण्याचा पर्याय घेतला तर अर्जापासून 90 दिवस मिळतात. सुनावणी मागितलीत तर रांग लांबते. पहिल्या दोन वाटांचं व्हीएचं सरासरी उद्दिष्ट 125 दिवसांचं आहे.

फेरतपासणी फसली तर त्याच मुद्द्यावर पुन्हा फेरतपासणी नाही. त्या निकालापासून वर्षाच्या आत पुरवणी दावा किंवा बोर्ड.